वय झालं म्हणून पाडू नका : लाकडी रोलर कोस्टरच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
जुने लाकडी रोलर कोस्टर ज्यांच्या ताब्यात आहेत अशा मनोरंजन उद्यानांचे मालक, व्यवस्थापक आणि देखभाल प्रमुख

विषय : 'आयुर्मान संपलं' या सबबीखाली होणारं पाडकाम

सप्रेम नमस्कार.

तुमची निवेदनं आम्हाला आता पाठ झाली आहेत. हंगाम संपतो, फाटक बंद होतं आणि थोड्या आठवड्यांनी तीन परिच्छेदांचं पत्रक निघतं. पहिल्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी, दुसऱ्यात वयाचं कारण, तिसऱ्यात 'लवकरच काहीतरी नवं'. काही वेळा पत्रकाच्या आधी यंत्रंच येऊन उभी राहतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल प्लेझर बीच उद्यानातला वाइल्ड माउस १९५८ पासून उभा होता. या जातीचे लाकडी कोस्टर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यातला हा एक. २०१७ चा हंगाम संपला आणि जानेवारी २०१८ मध्ये, उद्यान बंद असताना, तो उतरवला गेला. आधीच्या वर्षी त्याच उद्यानातल्या बिग डिपरसारख्या राइडना वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळालं होतं. वाइल्ड माउस त्या यादीत नव्हता.

हे पत्र एका उद्यानाला नाही. जिथे जिथे हाच क्रम चालतो त्या सगळ्यांना आहे, आणि ज्यांच्याकडे अजून असा कोस्टर उभा आहे त्यांना आधी आहे. आम्ही चाहते आहोत, पण नुसते हळहळणारे नाही. फळी का कुजते, रूळ का आदळतो, कुठला थर किती वर्षं टिकतो याची आम्हाला माहिती आहे. म्हणून गुळमुळीत कारणं आमच्या गळी उतरत नाहीत.

पहिली तक्रार वयाच्या कारणाबद्दल. लाकडी कोस्टर एकदा बांधून मोकळं होण्याची गोष्टच नाही. खांब, आडवे वासे, तिरपे टेकू, रुळाखालच्या फळ्या हे सगळं बोल्ट आणि खिळ्यांनी जोडलेलं असतं आणि सुटं सुटं बदलता येतं. शंभरीच्या कोस्टरमधलं बरंच लाकूड शंभर वर्षांचं नसतं. काही जागी तर गेल्याच थंडीत बसवलेलं असतं. बांधणाऱ्यांनी तो असाच कल्पिला होता. दर वर्षी बंद हंगामात एक तुकडा उघडायचा, सडका माल काढायचा, नवा घालायचा, पुढच्या वर्षी पुढचा तुकडा. हे चक्र चालू असेल तर कोस्टरला ठरावीक वय नसतं. चक्र थांबलं की मात्र झपाट्याने वय होतं.

पुरावे उभे आहेत. पेनसिल्व्हेनियात ऑल्टूनाच्या लेकमाँट पार्कमधला लीप-द-डिप्स १९०२ सालचा. १९८५ मध्ये बंद पडला, चौदा वर्षं तसाच होता, आणि दुरुस्त होऊन १९९९ मध्ये परत धावला. सॅन डिएगोच्या मिशन बीचवरचा जायंट डिपर १९२५ चा. १९७६ मध्ये बंद झाला, पाडण्याची वेळ आली, नागरिकांनी समिती करून तो वाचवला आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. मेलबर्नच्या लूना पार्कमधली सीनिक रेल्वे १९१२ ची, कोपनहेगनच्या टिवोलीतला रुत्शेबानन १९१४ चा. या दोन्हींवर गाडीतच ब्रेकवाला उभा राहतो आणि उतारावर हाताने वेग आवरतो. पहिल्या महायुद्धाच्या आधीची यंत्रणा आजही माणसं सुखरूप नेते-आणते, तेव्हा १९५० किंवा १९७० सालच्या कोस्टरबद्दल 'आता वय झालं' हे वाक्य ऐकताना आम्हाला हसावं की रडावं कळत नाही.

इथे काहीजण उलटा डाव टाकतात. 'इतकं लाकूड बदललं की मूळचं काही उरलंच नाही, मग ऐतिहासिक काय?' ऐतिहासिक आहे तो आराखडा. प्रत्येक चौकटीपाशी (म्हणजे रूळ पेलणाऱ्या खांब-वाशांच्या प्रत्येक उभ्या जोडणीपाशी) रूळ किती उंचीवर आहे, कुठल्या वळणाला किती कल आहे, उतार कुठे मोडतो, माथ्यावर गाडी किती वेळ सीटवरून उचलून धरते, हे सगळं त्या आराखड्यात आहे. कोनी आयलंडच्या १९२७ च्या सायक्लोनचा सांगाडा तर मुळातच पोलादी आहे, लाकूड आहे ते रुळात. तरी १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा म्हणून घोषित केलं, कारण जपायचं होतं ते त्याचं धावणं.

दुसरी तक्रार गंभीर आहे, कारण ती अजाणतेपणाची नाही. कोस्टर पाडायच्या बऱ्याच आधी त्याची उपासमार सुरू होते. क्रम साधारण ठरलेला. दोन गाड्यांपैकी एक कायमची शेडमध्ये जाते; कारण सांगितलं जातं सुट्या भागांचं, वाचवायचे असतात चालक आणि चाकं. हिशेब करून बघा. चोवीस जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला सातशे वीस माणसं बसतात. एकच गाडी असेल तर ती परत येऊन, रिकामी होऊन, भरून सुटेपर्यंत चार मिनिटं सहज जातात, म्हणजे तासाला तीनशे साठ. रांग दुप्पट लांबते आणि लोक दुसरीकडे वळतात. मग सुतारांच्या तुकडीतला निवृत्त झालेला माणूस भरला जात नाही. रंग थांबतो. सकाळची पाहणी उरकण्यापुरती होते, म्हणून लहान बिघाड दुपारी गर्दीच्या वेळी डोकं वर काढतो आणि राइड बंद पडते. दोन-तीन हंगामांनी तुमच्या हातात तक्ता येतो : प्रवासी कमी, बंद तास जास्त, तक्रारी वाढलेल्या. आणि त्या तक्त्याला तुम्ही 'प्रेक्षकांची बदललेली आवड' म्हणता! आवड बदलली असेलही. पण एका गाडीवर मोजलेली आवड आम्ही पुरावा म्हणून मानणार नाही.

त्यानंतरची पायरी 'उभी पण बंद'. बंद कोस्टर चालत्या कोस्टरपेक्षा लवकर सडतो. चालत्या कोस्टरवर रोज सकाळी कुणीतरी पायी फिरतं, हातात पाना आणि हातोडी घेऊन. लाकूड सुकताना आकसतं, ओलाव्यात फुगतं, गाडीच्या धडधडीने नट सैल पडतात, खिळे हळूहळू वर येतात. तो माणूस ते जागच्या जागी आवळतो, ठोकतो, खडूने खूण करतो. बंद राइडवर कुणी फिरत नाही. सैल जोडात पाणी शिरतं आणि राहतं. मग दोन वर्षांनी अभियंता बोलावून अहवाल घेतला जातो, तो अर्थातच वाईट येतो आणि पाडकामाला कागद मिळतो. बंद ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं.

सुरक्षेबद्दल गैरसमज नको. धोका दिसला तर राइड त्याच मिनिटाला थांबवा, आम्ही पाठीशी आहोत. पण थांबवणं आणि पाडणं यांच्यामध्ये पाहणी, दुरुस्ती, चाचणी हे सगळं येतं. ते गाळून थेट शेवटाला जाणं म्हणजे सुरक्षेच्या आडून हिशेब मिटवणं.

आता तिसरी तक्रार, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. 'फार आदळते, लोकांच्या पाठी दुखतात' हे तुमचं सगळ्यात आवडतं कारण. आदळते हे खरं. पण ती का आदळते आणि काय केलं की थांबते हे तुमच्या देखभाल विभागाला ठाऊक असतं, किंवा असायला हवं.

लाकडी रूळ म्हणजे एकावर एक सहा ते आठ फळ्यांचे थर, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे मागेपुढे ठेवलेले. वरचे दोन थर आतल्या बाजूला जास्त रुंद असतात. त्यांच्या बाहेर आलेल्या काठाखालून गाडीची खालची चाकं धावतात आणि गाडीला वर उचलू देत नाहीत. कोस्टर आखणाऱ्या जॉन मिलर या अमेरिकी माणसाने या खालच्या चाकांचं पेटंट १९१९ च्या सुमारास घेतलं, त्यानंतरच कोस्टर खऱ्या अर्थाने उंच आणि उभे झाले. फळ्यांच्या डोक्यावर पोलादाची चपटी पट्टी, साधारण चार इंच रुंद, त्यावर मुख्य चाकं. बाजूला आणखी एक पट्टी, त्यावर वळणात गाडी आवरणारी चाकं.

सगळ्यात जास्त मार बसतो उताराच्या पायथ्याशी, जिथे गाडी खाली येऊन पुन्हा वर वळते. तिथे गाडीचं वजन तिपटीएवढं भासू शकतं. वरचा थर दबतो, पट्टी किंचित वाकते, तिच्याखाली फट पडते. पुढची गाडी त्या फटीवर आदळते आणि फट वाढवते. रस्त्यावरचा खड्डा जसा प्रत्येक चाकागणिक खोल होतो, अगदी तसंच. फटीत पाणी जातं, फळी मऊ पडते, खिळ्याला पकड राहत नाही. वळणात वेगळा प्रकार होतो : दोन रुळांमधलं अंतर हळूहळू वाढतं, बाजूच्या चाकांना मोकळीक मिळते आणि गाडी सरळ जायच्या ऐवजी या रुळावरून त्या रुळावर थडकत जाते. प्रवाशाला जे 'आदळणं' वाटतं त्यात हे दोन वेगवेगळे दोष मिसळलेले असतात, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. पहिल्यात थर बदलायचे, दुसऱ्यात अंतर पुन्हा मापात आणून बाजूची पट्टी आणि चाकं दोन्ही तपासायची. अंतर न दुरुस्त करता नुसते थर बदलले तर नवी फळीही वर्षा-दोन वर्षांत खलास होते.

दुरुस्ती केली म्हणता, ती कशी केली तेही विचारायला हवं. पैसे वाचवायला वरचे दोन थर बदलतात आणि खालचे कुजलेले तसेच ठेवतात. वर नवं लाकूड, खाली भुसा. पहिला हंगाम राइड मखमली चालते, दुसऱ्यात पुन्हा बोंब. किंवा बरोबर बिघडलेला तेवढाच दहा-बारा फुटांचा तुकडा बदलतात. मग धक्का नाहीसा होत नाही, नव्या-जुन्याच्या सांध्यावर सरकतो. जाणता सुतार दोषाच्या दोन्ही बाजूंना बरंच पुढे जाऊन चांगल्या लाकडापर्यंत काम नेतो आणि सांधा सरळ, कमी ताणाच्या जागी आणतो.

शिवाय गाड्या. अनेक जुन्या कोस्टरवर मूळच्या हलक्या गाड्या काढून लांब, जड डब्यांच्या गाड्या घातल्या गेल्या. तीन बाकांचा ताठ डबा आखूड वळणात नीट वळू शकत नाही. त्याची चाकं रुळाला घासत, ढकलत जातात. ज्या रुळाची आखणी हलक्या गाडीसाठी झाली होती त्यावर हे वजन टाकून मग रुळालाच दोष देणं कुठला न्याय? आज एकेका बाकाच्या छोट्या डब्यांच्या गाड्या मिळतात : पहिल्या डब्याला दोन आस, मागच्या प्रत्येकाला एकच, सांध्यात सर्व बाजूंनी वळणाऱ्या. ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल अशा गाड्या करते, ग्रॅव्हिटी ग्रुपचंही त्याच धर्तीचं काम आहे. फार मार बसणाऱ्या जागांसाठी आधीच वक्राकार कापून आणलेल्या फळ्या आहेत, लाकडी सांगाड्यावर बसणारे पोलादी रुळाचे तुकडेही आहेत. आम्ही कट्टर नाही. पायथ्याच्या दोन जागी असा तुकडा बसवून उरलेला कोस्टर लाकडाचा राहणार असेल तर आमची हरकत नाही. ब्रेक बदला, तेही चालेल. भिजल्यावर घसरणाऱ्या जुन्या घर्षणाच्या ब्रेकपेक्षा चुंबकीय ब्रेक बरे. कमरेची दांडी बदला, नियंत्रण कक्षातला तरफांचा खटारा काढून संगणक लावा. पहिल्या उताराची उंची कापू नका आणि प्रत्येक टेकडीच्या अलीकडे वेग मारणारे ब्रेक पेरू नका. तसं केलं की राइड मिळमिळीत होते, आणि 'लोकांना मजा येत नाही' हे पुढचं कारण तयार.

चौथी तक्रार अहवालांची. पाडायचं ठरलं की 'तज्ज्ञांच्या अहवालानुसार' एवढंच आमच्या वाट्याला येतं. तज्ज्ञ कोण, त्यांनी याआधी लाकडी कोस्टर हाताळला होता का, किती चौकटी तपासल्या, कशा तपासल्या? खांबाच्या बुडाशी टोच्या घालून पाहिलं, की जमिनीवरून फोटो काढले? हातोडीने ठोकल्यावर चांगलं लाकूड खणखणतं आणि पोखरलेलं बद्द वाजतं. हे करायला प्रत्येक चौकटीपाशी माणूस जावा लागतो. कुजण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत : खांब जिथे काँक्रीटवर टेकतो ते बूड, फळीची उघडी कापलेली टोकं, बोल्टची भोकं, दोन लाकडं चपखल चिकटल्याने जिथे वारा लागत नाही त्या जागा. बुडाशी पालापाचोळा आणि माती साचून राहिली की खांब बाराही महिने ओला असतो. वर्षातून दोनदा फावडं आणि झाडू फिरवला तर खांबाचं आयुष्य कितीतरी वाढतं. बुडाचे दोन फूट कुजले म्हणजे खांब गेला असंही नाही. कुजका भाग कापून नवा जोडतात, बाजूला जोडफळी देतात. सागवान लागत नाही त्याला, दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन पुरतं. अहवालात जर 'चाळीस टक्के लाकूड निकामी' असं लिहिलेलं असेल तर आम्हाला ते चाळीस टक्के कुठले ते चौकटीच्या क्रमांकासह बघायचं आहे. टेकू निकामी असणं आणि मुख्य खांब निकामी असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोलादात रूपांतर करण्याबद्दल थोडंच. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने २०११ मध्ये टेक्सस जायंटवर पोलादी रूळ चढवले तेव्हापासून ही वाट रुळली. त्यातून निघालेल्या राइड उत्तम आहेत, आम्ही त्यांवर रांगा लावतो. पण टेक्सस जायंट १९९० चा होता, अवाढव्य आणि पुढे फार खडबडीत झालेला. तोच उपाय १९२० च्या दशकातल्या, मोजक्या उरलेल्या आखणीवर लावणं म्हणजे ती आखणी संपवणं. सांगाडा वाचला म्हणून कोस्टर वाचला असं पत्रकात लिहू नका.

शेवटची तक्रार पाडण्याच्या रीतीची. समजा, सगळं करून पाहिलं आणि जागा खरंच सोडावी लागते आहे. तरीही नष्ट करणं हा एकच मार्ग नसतो. सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमधला १९४० च्या दशकातला रॉकेट उद्यान बंद पडल्यावर बेवारस उभा होता. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स उद्यानाने तो विकत घेतला. नकाशे हाती नव्हते, म्हणून लाकडांवर क्रमांक घालत तो उतरवला आणि नेऊन उभा केला. १९८५ पासून तो फिनिक्स नावाने धावतो आहे आणि चाहत्यांच्या पसंतीत आजही वरच्या पंक्तीत आहे. कॅनडातल्या क्रिस्टल बीचचा कॉमेट १९४८ चा. तोही आधीच्या सायक्लोनच्या पोलादातून उभारलेला. १९८९ मध्ये उद्यान बंद झालं, कोस्टर लिलावात गेला आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेट एस्केपमध्ये पुन्हा सुरू झाला. एकच पोलाद, तीन जन्म.

हलवताना कशाची किंमत आहे हे समजून घ्या. रुळाचे थर परत वापरता येत नाहीत. खिळ्यांनी ते चाळण झालेले असतात, ते नव्याने घालावेच लागतात. मोलाचं आहे ते चौकटींचं माप, गाड्या, साखळी, चढावरची मोटर आणि गिअर, उलटं घसरू न देणारी दातेरी पट्टी, आणि उंचीची नोंद. चढताना येणारा तो टक टक टक आवाज त्या पट्टीवर पडणाऱ्या खुटीचा. ती खुटी भंगारात किलोवर जाते, आणि घेणाऱ्याला मग नवी घडवून घ्यावी लागते. आधी प्रत्येक चौकटीपाशी दोन्ही रुळांची उंची आणि कल मोजा, लेझर स्कॅन करा, मग क्रमांकाच्या धातूच्या पट्ट्या ठोका. खडू किंवा रंगाचे आकडे एका पावसाळ्यात जातात. चौकटी आडव्या पाडून मोडण्याऐवजी बोल्ट काढून उतरवा. बोल्ट गंजून बसले असतील तर बोल्ट कापा, लाकूड नको.

आणि जाळू तर मुळीच नका. जुन्या औषधी लाकडात बरेचदा आर्सेनिक असतं, जुन्या रंगात शिसं. ते जाळलं की धुरात आणि राखेत उतरतं आणि आजूबाजूच्या जमिनीत राहतं. पेनसिल्व्हेनियातल्या कॉनियट लेक पार्कचा १९३८ चा ब्लू स्ट्रीक पाडकाम चालू असताना जानेवारी २०२२ मध्ये आगीत गेला. वाचवण्याजोगं जे काही होतं ते एका दिवसात संपलं. फळ्यांचे तुकडे चौकटीत बसवून आठवण म्हणून विकायची जी टूम निघाली आहे, तिथेही हे लक्षात ठेवा. विकणारच असाल तर 'हे लाकूड जाळू नये, अन्नाजवळ वापरू नये' एवढं मागे छापा. ज्या फळ्या वेळेवर बदलल्या नाहीत त्याच शेवटी नफ्यात विकल्या जाव्यात, यातली गंमत तुमच्या लक्षात येत असेल.

'आमच्याकडे सुतारच मिळत नाहीत' हे तुमचं म्हणणं मात्र आम्ही उडवून लावत नाही. ते खरं आहे. रूळ घालायचं काम पुस्तकातून येत नाही. कुठल्या वळणात फळी किती ओलीच वाकवायची, पाचर कुठे द्यायची, गारठ्यात जाड झालेलं ग्रीस आणि मंदावलेली गाडी पाहून सकाळच्या रिकाम्या फेऱ्या किती मारायच्या, हे जुन्या हाताखाली शिकावं लागतं. म्हणूनच जुना हात निवृत्त होण्याच्या दोन वर्षं आधी त्याच्यासोबत नवा माणूस द्यायला हवा. तो दिला नाही, हा निर्णय कुणाचा?

सरकारी यादीत नाव चढलं की काम झालं अशी आमचीही समजूत नाही. इंग्लंडमधल्या मार्गेटच्या ड्रीमलँड उद्यानातली १९२० ची सीनिक रेल्वे २००२ मध्ये संरक्षित झाली, तरी २००८ मध्ये तिच्या मोठ्या भागाला आग लागली आणि गाड्या परत सुटायला २०१५ उजाडलं. यादी पाडणाऱ्याचा हात धरते, सुताराचा पगार देत नाही. त्यामुळे मागण्या थेट तुमच्याकडेच आहेत :

१. कोणताही लाकडी कोस्टर कायमचा बंद करण्याचा निर्णय किमान एक पूर्ण हंगाम आधी जाहीर करा. हंगाम संपल्यावर काढलेलं पत्रक ही पूर्वसूचना नव्हे.

२. पाहणीचा मूळ अहवाल चौकटनिहाय प्रसिद्ध करा. सोबत गेल्या दहा वर्षांत रुळाचा कुठला तुकडा कधी आणि किती थरांपर्यंत बदलला याची नोंद द्या. नोंद नसेल तर तसं लिहा. तेही आम्हाला बरंच काही सांगेल.

३. प्रवासीसंख्या सांगताना त्या काळात किती गाड्या चालत होत्या आणि किती तास राइड बंद होती हे त्याच तक्त्यात छापा.

४. दुरुस्तीचा अंदाज लाकडी कोस्टरचं काम करणाऱ्या किमान दोन जाणकारांकडून घ्या. तो एका वर्षाच्या खर्चावर नको, पंधरा-वीस वर्षांच्या टप्प्याटप्प्याच्या कामावर मांडा. शेजारी नव्या राइडचा तेवढ्याच काळाचा देखभाल खर्चही मांडा, नुसता खरेदीचा नको.

५. निर्णय होईपर्यंत बंद राइडचीही किमान देखभाल चालू ठेवा : महिन्यातून एकदा पायी पाहणी, सैल जोड आवळणं, बुडाशी साचलेला कचरा काढणं, गाड्या छपराखाली आणि चाकांवर भार न ठेवता उचलून ठेवणं.

६. पाडणं अटळच असेल तर आधी संपूर्ण मोजमाप आणि स्कॅन, मग इतर उद्यानांना आणि संग्रहालयांना वाजवी मुदतीत देऊ करणं, मग क्रमांक घालून उतरवणं, याच क्रमाने. मोजमाप आणि नकाशे सार्वजनिक ठेवा.

७. ज्यांच्याकडे अजून चालता कोस्टर आहे त्यांनी यंदाच्या बंद हंगामात एक शिकाऊ सुतार नेमावा आणि दुसरी गाडी शेडमधून काढून रुळावर आणावी.

यातली सातवी मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि तिच्यासाठी कुठल्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

या पत्राला खाजगी उत्तर नको. ज्या ठिकाणी तुमची पत्रकं छापता तिथेच छापा, आणि पुढचा बंद हंगाम सुरू होण्याआधी छापा. काही मागण्या का मान्य होणार नाहीत हे आकड्यांनिशी सांगितलंत तर आम्ही ते आकडे तपासू आणि चुकीचे नसतील तर तसं जाहीरपणे मान्यही करू.

कळावे,

आपले,
लाकडी रोलर कोस्टरचे चाहते